ग्रिलला बांधलेलं सोलर पॅनल आणि घरातले पेन्सिल सेल

ग्रिलकर (धागाकर्ता) | १४ जानेवारी, रात्री १०.५०

राजापूरला आजोबांचा रेडिओ होता. सेल उतरले की आवाज बसायचा. मग आजोबा चारही सेल काढून पडवीच्या कठड्यावर उन्हात ओळीने मांडायचे, फणसाच्या साटांच्या शेजारी. संध्याकाळी परत घातले की सातच्या बातम्यांपुरते चालायचे. सेल ऊन पितात अशी आम्हा पोरांची पक्की समजूत होती.

आता लालबागला चौथ्या मजल्यावर राहतो. हॉलची खिडकी दक्षिणेला आहे आणि समोरचा टॉवर अजून कागदावरच आहे (तो तिथेच सुखी राहो). त्यामुळे थंडीत सकाळी दहापासून चारपर्यंत ग्रिलवर कडक ऊन. गेल्या महिन्यात आवराआवर करताना घरातले सेल मोजले. आईचं बीपी मशीन चार, तीन भिंतीवरची घड्याळं तीन, रिमोट मिळून सहा, माउस एक, टॉर्च तीन, शिवाय लेकाच्या बोलणाऱ्या डायनासोरचे तीन. एकूण वीस. हे सगळे काही महिन्यांनी कचऱ्यात.

म्हणून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. फ्लेक्सिबल पॅनल मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "काचवाला लेके जाओ साब, ये टिकता नहीं." तरी हट्टाने हेच घेतलं, कारण काचेचं पॅनल ग्रिलवर चढवायचं म्हणजे सोसायटीच्या कमिटीला निमंत्रण. हे पॅनल म्हणजे कॅलेंडरच्या पानाहून थोडं जाड, तपकिरी-जांभळट, २५ बाय १२ सेंटिमीटर. दंडगोल करून खिशात मावतं. वर ६ व्होल्ट, १.५ वॉट लिहिलंय. ७०० रुपये पडले.

जोडणी अशी: तीन रिचार्जेबल पेन्सिल सेल (निकेल मेटल हायड्राइड, २००० एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास) एकामागे एक होल्डरमध्ये, मध्ये एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), बस्स. पॅनल ग्रिलला आतल्या बाजूने कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलंय.

आता अडचण. १.५ वॉट भागिले ६ व्होल्ट म्हणजे २५० मिलिअँपिअर यायला हवेत. मल्टिमीटरवर भर दुपारी साडेबाराला दिसतात ७०. पॅनल बोगस आहे की मी?

---

उनाड_इलेक्ट्रॉन | १४ जानेवारी, रात्री ११.१५

भारीच! फोटो दिसत नाहीयेत मात्र.

---

हिशेबी_मनुष्य | १५ जानेवारी, सकाळी ८.०५

लेख आवडला, पण थोडं पाणी ओततो.

एका पेन्सिल सेलमध्ये किती वीज मावते? १.२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास, म्हणजे २.४ वॉट-तास. चार्जरमधली आणि सेलमधली गळती धरून दुप्पट म्हणू, ५ वॉट-तास. एका युनिटमध्ये असे २०० सेल भरतात. युनिटला दहा रुपये धरले तरी एक सेल भरायला पाच पैसे. तीन सेलचे पंधरा पैसे.

तुमचे ७०० रुपये वसूल व्हायला तिन्ही सेल साडेचार हजारांहून जास्त वेळा भरावे लागतील. आठवड्याला एकदा म्हटलं तर नव्वद वर्षं. पॅनल तितकं जगणार नाही, सेल तर नाहीच नाही.

---

ग्रिलकर | १५ जानेवारी, सकाळी ९.४०

हिशेबी, लोकलमध्ये वाचलं आणि शेजारचा दचकेल इतक्या जोरात हसलो. नव्वद वर्षं! लेकाच्या नातवाला सांगून ठेवतो.

मान्य, पैशासाठी नाहीच. पण १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी टॉर्च काढली तर आतले सेल पाझरून स्प्रिंगला हिरवट-पांढरी साय धरलेली. २६ जुलै २००५ ला तर मी कॉलेजातून चालत घरी आलो, आणि घरात मेणबत्ती शोधायला काडेपेटीच्या उजेडात फिरत होतो.

---

हिशेबी_मनुष्य | १५ जानेवारी, सकाळी १०.२०

हे कारण पैशापेक्षा बरं आहे. पण त्यालाही पॅनल लागत नाही. पूर्वीचे रिचार्जेबल सेल नुसते पडून महिना-दोन महिन्यांत उतरायचे, म्हणून लोक वैतागले. २००५ मध्येच, तुमच्या पुराच्या वर्षी, जपानच्या सान्योने एनेलूप बाजारात आणले. ते भरून ठेवले की वर्षभरानेही बरीचशी वीज शिल्लक असते. आता इतर कंपन्यांचेही तसे मिळतात. भिंतीच्या चार्जरवर भरा, टॉर्चमध्ये घाला, विसरून जा. रिचार्जेबल सेल घेण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. उन्हाचं लग्न त्याच्याशी लावायलाच हवं का, एवढाच प्रश्न.

---

सोल्डरकाका | १५ जानेवारी, दुपारी २.३०

मी पस्तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आता निवृत्त. ग्रिलकर, पॅनल बोगस नाही, तुम्हीही नाही. तीन गोष्टी सांगतो.

पहिली: २५० मिलिअँपिअर हा आकडा प्रयोगशाळेतला. चौरस मीटरला १००० वॉट ऊन, पॅनल २५ अंशांवर आणि किरण सरळ अंगावर. तुमचं पॅनल उभं आहे आणि जानेवारीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर असतो, म्हणजे किरण तिरके पडतात. नुसत्या तिरकेपणाने २५० चे १६० होतात. धूळ, धुरकं, डायोड धरून १२० आले तरी खूश राहा.

दुसरी, मुख्य: ग्रिलच्या सळ्यांची सावली. पॅनलवर लांब पट्ट्या आहेत ना? मोजा, दहा असतील.

---

ग्रिलकर | १५ जानेवारी, दुपारी ३.१०

दहाच! कसं ओळखलंत?

---

सोल्डरकाका | १५ जानेवारी, दुपारी ४.००

या जातीच्या (अमॉर्फस सिलिकॉन) एका पट्टीला भाराखाली ०.६ व्होल्टच्या आसपास मिळतं. सहा व्होल्टला दहा पट्ट्या. त्या एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणजे बादल्यांची रांग समजा. दहा माणसं हातोहात बादल्या पुढे देतायत आणि त्यातला एक सुस्त आहे, तर सगळी रांग त्याच्या वेगाने चालणार.

आता बघा. तुमच्या पट्ट्या उभ्या आहेत आणि ग्रिलच्या सळ्याही उभ्या. सळीची सावली नेमकी एका पट्टीवर लांबलचक पडली की ती पट्टी झोपली आणि तिच्याबरोबर सगळं पॅनल. पॅनल आडवं करा. पट्ट्या आडव्या झाल्या की तीच सावली दहाही पट्ट्यांवर थोडी थोडी पडेल. कुणीच पूर्ण झोपणार नाही. सावली तेवढीच, तोटा कितीतरी कमी.

तिसरी: तीन सेल घेतलेत हे नशीब म्हणा की अक्कल, पण बरोबर आहे. पॅनल व्होल्टेज धरून बसत नाही, ते ठरावीक करंट देत राहतं आणि व्होल्टेज सेल सांगतील तिथे खाली येतं. एकच सेल लावला असता तर सहातले साडेचार व्होल्ट वाया. चार लावले तर भरत आल्यावर चौघांचे मिळून पावणेसहा-सहा होतात, डायोडचं वेगळं, मग करंट आचके देतो. तीन उत्तम. डायोड कुठला आहे? साधा ४००७ असेल तर ०.७ व्होल्ट खातो. ५८१९ घ्या, तो शॉटकी आहे, निम्म्याहून कमी खातो. तो हवाच मात्र, नाहीतर रात्री सेल उलटे पॅनलमध्ये रिकामे होतील.

जाता जाता: आजोबांचे सेल चार्ज होत नव्हते. जस्त-कार्बनच्या सेलला विश्रांती आणि ऊब मिळाली की आत साचलेला माल थोडा पांगतो, रस थोडा मोकळा होतो, म्हणून तासभर तग धरतो. दमलेल्या माणसाला चहा दिल्यासारखं. जेवण नव्हे.

---

ग्रिलकर | १६ जानेवारी, दुपारी १.१५

काका, दंडवत. घरून काम होतं, साडेबाराला पॅनल आडवं केलं. मल्टिमीटर हातातच होता. ७१ वरून थेट ११८. एक तार बदलली नाही, फक्त पॅनल काटकोनात फिरवलं. मग खात्री करायला परत उभं केलं: ६९. परत आडवं: ११७. बायको म्हणाली, आता ते सोड आणि जेवायला ये.

डायोड ४००७ निघाला. बदलतो.

---

दुपारचा_चहा | १६ जानेवारी, दुपारी ४.२०

वाचतेय, मस्त चाललाय धागा. मुलुंडहून एक गृहिणीचा प्रश्न. सासूबाईंच्या बीपी मशीनमध्ये मी हौसेने रिचार्जेबल सेल घातले. दुसऱ्याच आठवड्यात बॅटरी संपल्याचं चिन्ह. सेल काढून चार्जरवर लावले तर अर्ध्याहून जास्त भरलेलेच. सासूबाईंनी "तुझे ते इकोफ्रेंडली सेल" म्हणून सगळ्या नातेवाइकांत गाजवलं. माझं चुकलं काय?

---

सोल्डरकाका | १६ जानेवारी, संध्याकाळी ६.००

ताई, तुमचं काही चुकलं नाही. साधा सेल नवा असताना दीड व्होल्टचा आणि हळूहळू घसरत जातो. रिचार्जेबल मुळातच १.२ चा, पण शेवटपर्यंत जवळपास तिथेच टिकतो. चार सेलचं मशीन ६ व्होल्टची अपेक्षा धरून बसलंय, त्याला ४.८ दिसले की वाटतं सेल मेले. मशीनच्या पुस्तिकेत रिचार्जेबल चालतील असं लिहिलं नसेल तर तिथे अल्कलाइनच घाला किंवा अॅडॉप्टर वापरा. औषधाच्या गोळ्या ज्या आकड्यावर ठरतात तिथे प्रयोग नकोत.

---

हिशेबी_मनुष्य | १६ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

घड्याळातही नको. एक रिचार्जेबल सेल अडीचशेच्या घरात, साधा १५-२० रुपयांना. भिंतीवरच्या घड्याळाला साधा सेल वर्षभर पुरतो. हिशेब तुम्हीच करा. जिथे महिन्या-दोन महिन्याला सेल बदलावे लागतात तिथेच रिचार्जेबल: खेळणी, रोज लागणारी टॉर्च, माउस, कॅमेऱ्याचा फ्लॅश. म्हणजे ग्रिलकरांच्या विसातले सातच. डायनासोर मात्र वर्षाच्या आत पैसे फेडेल.

---

ग्रिलकर | १६ जानेवारी, रात्री ९.३०

डायनासोर दिवसाला शंभर वेळा तरी डरकाळी फोडतो. त्याचं अर्थशास्त्र पक्कं आहे.

---

उनाड_इलेक्ट्रॉन | २ फेब्रुवारी, रात्री १२.१०

मीही केलं!! पण माझ्याकडे निकेलवाले सेल नव्हते, म्हणून जुन्या मोबाइलची बॅटरी थेट पॅनलला लावली. तसलंच ६ व्होल्टचं पॅनल. दोन दिवस छान चाललं. आज संध्याकाळी पाहिलं तर बॅटरी पुरीसारखी फुगलीय. वापरू का?

---

सोल्डरकाका | २ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

नाही. उगाच हाताळू नकोस, टाचणीने टोचू नकोस, चेपू तर मुळीच नकोस. सुटी करून कोरड्या मातीच्या कुंडीत किंवा वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेव आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे दे. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नकोस, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेईल.

आता का ते ऐक. निकेलचा सेल सोशिक असतो. त्याच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, म्हणजे २००० एमएएचला २०० मिलिअँपिअर, भरल्यावरही थोडा वेळ जात राहिला तर तो नुसता कोमट होतो. ग्रिलकरांचे १२० येतात, म्हणून त्यांचं कंट्रोलरशिवाय भागतंय. लिथियम तसा नाही. त्याला ४.२ व्होल्टला थांबवावंच लागतं, तेही काटेकोर. तुझं पॅनल त्याला त्यापुढे रेटत राहिलं.

---

उनाड_इलेक्ट्रॉन | २ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

काका सॉरी. कुंडीत ठेवली, आईच्या तुळशीच्या नाही, रिकाम्या. मग टीपी ४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल लावलं तर चालेल ना? ते ४.२ ला थांबवतं.

---

सोल्डरकाका | २ फेब्रुवारी, सकाळी ११.००

थांबवतं, पण दोन खाचा आहेत. एक, ते तयार मॉड्यूल एक अँपिअर मागायला बसवलेलं असतं. छोटं पॅनल तेवढं देऊ शकत नाही, मग व्होल्टेज कोसळतं आणि चार्जिंग धापा टाकत चालतं. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० चा लावला की ते १३० मिलिअँपिअरच मागतं. दोन, त्या चिपची सहनशक्ती ८ व्होल्ट, आणि तुझं पॅनल काही न जोडता उन्हात मोकळं ठेवलंस तर साडेआठ दाखवेल. त्यापेक्षा सीएन ३७९१ असलेलं मॉड्यूल घे. ते सोलरसाठीच आहे, पॅनलचं व्होल्टेज कोसळू न देता जेवढं मिळेल तेवढं घेतं.

आणि रस्त्यावर ९९०० एमएएच छापलेले १८६५० (नळकांड्यासारखे लिथियम) सेल मिळतात, ते घेऊ नकोस. त्या मापात ३५०० च्या आसपासचा सेल म्हणजे चांगला. वजन कर: खरा ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो.

---

दुपारचा_चहा | २ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

पाठीवर सोलर असलेली पॉवर बँक मिळते ती कशी? भाच्याला वाढदिवसाला द्यायचा विचार आहे.

---

हिशेबी_मनुष्य | २ फेब्रुवारी, दुपारी १.०५

पॉवर बँक म्हणून द्या, सोलर म्हणून नको. १०,००० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-तास. पाठीवरचं पॅनल एखाद-दीड वॉटचं. रोज चार तास कडक ऊन मिळालं तर आठवडा ते दोन आठवडे. आणि त्यासाठी लिथियम बॅटरी उन्हात तापत ठेवायची, हे वेगळंच.

एक सोपी चाळणी लक्षात ठेवा. ए-४ कागदावर भर उन्हात ६२ वॉट ऊन पडतं. त्यातलं अमॉर्फस पॅनल पाच ते आठ टक्के वीज करतं, चांगलं क्रिस्टलाइन (नेहमीचं काचेचं) वीसच्या आसपास. म्हणजे ए-४ एवढ्या पॅनलमधून ३ ते १२ वॉट. तेवढ्याच आकाराचं ३० वॉटचं पॅनल कुणी दाखवलं तर आकडा खोटा आहे हे मल्टिमीटर न काढता समजतं.

---

वाडीवरची | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

पण मग फ्लेक्सिबल घ्यायचंच कशाला? काचेचं तेवढ्याच जागेत तिप्पट देतं, असं वरच्या हिशेबावरून दिसतंय.

---

सोल्डरकाका | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

रास्त प्रश्न. फ्लेक्सिबलमध्ये तीन जाती येतात. ग्रिलकरांचं अमॉर्फस, तेच जे पूर्वीपासून कॅल्क्युलेटरवर असतं. कमी वीज, पण वाकवा, गुंडाळा, तडकत नाही, आणि तापल्यावर क्रिस्टलाइनपेक्षा कमी रुसतं. दुसरी सीआयजीएस, म्हणजे तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियम यांचा पातळ थर. दुप्पट वीज, महाग, ओलीला नाजूक. तिसरी, बाजारात सगळ्यात जास्त दिसणारी: नेहमीच्याच क्रिस्टलाइन चकत्या प्लास्टिकवर चिकटवलेल्या. ती लवचिक म्हणून विकतात, पण ती फक्त किंचित बाक सोसते. गुंडाळलीत की आत बारीक चिरा, वरून काही दिसत नाही, वीज गळत जाते.

वरचं प्लास्टिकही बघा. साधं पीईटी असेल तर मुंबईच्या उन्हात दोन-तीन वर्षांत पिवळं पडतं. ईटीएफई टिकतं, किंमत तशी.

आणि ग्रिलकर, एक आत्ताच सांगून ठेवतो. अमॉर्फस पॅनल पहिले काही आठवडे चढ्या आकड्यावर असतं, मग उजेडानेच थोडं उतरतं आणि स्थिरावतं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेबलर आणि व्रोन्स्की यांनी हे शोधलं, त्यांच्याच नावाने ओळखतात. मार्चमध्ये ११८ चे १०० झाले तर दुकानदाराशी भांडू नका.

---

ग्रिलकर | २१ फेब्रुवारी, रात्री १०.००

महिन्याचा अहवाल. शनिवारी सकाळी लावलेले तीन सेल शुक्रवारी भरतात. रोज साडेचारशे-पाचशे एमएएच जातात. २००० चा सेल भरायला गळती धरून २८०० लागतात, म्हणजे सहा दिवस, अगदी जमतं.

एक चूक केली ती लिहितो. नीटनेटकं दिसावं म्हणून होल्डर पॅनलच्या पाठीलाच चिकटपट्टीने लावला होता. दुपारी हात लावला तर सेल गरम भाकरीसारखे. चार्जरवर तपासले तर आठवडाभराने जेमतेम अर्धे. तापलेला निकेल सेल वीज घेत नाही, नुसती उष्णता करतो, हे नंतर काकांनी खासगी निरोपात समजावलं. आता हातभर वायर वाढवून होल्डर खिडकीच्या आत, सोफ्यामागे. पॅनल उन्हात, सेल सावलीत.

दुसरं, खाऱ्या हवेने होल्डरच्या स्प्रिंगा महिन्यातच काळवंडल्या. बारीक पॉलिश पेपरने घासल्या की १० मिलिअँपिअर परत मिळतात. कबुतरांबद्दल काही लिहीत नाही, सभ्य लोक वाचतायत.

---

दुपारचा_चहा | २२ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

कबुतरांवर वेगळा धागा काढा, माझ्याकडे चार वर्षांचं साहित्य आहे.

---

ग्रिलकर | ३ मे, दुपारी २.००

मंडळी, धागा वर आणतोय. डोकं चालत नाहीये. बाहेर अंगाची लाही होतेय, रस्त्यावर डांबर मऊ झालंय आणि पॅनल साडेबाराला २८ मिलिअँपिअर देतंय. पुसलं, डायोड तपासला, वायर बदलली. १०० होतील म्हणाला होतात काका, २८? पॅनल गेलं का?

---

आकाशदर्शी | ३ मे, दुपारी ३.२५

पॅनल ठणठणीत आहे, सूर्य हललाय. मी तारे बघणारा माणूस, विजेतलं कळत नाही, पण हे कळतं.

मुंबई १९ अंश उत्तरेला. दरवर्षी १५-१६ मेच्या आसपास दुपारी साडेबारा-पाऊणला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्यानंतर २७-२८ जुलैपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या उभ्या ग्रिलवर थेट किरण पडतच नाहीत. आत्ताही तो इतका माथ्यावर आहे की ग्रिलला नुसता घासून जातोय, त्यात वरच्या मजल्याचा छज्जा. २८ येतायत ते आभाळाच्या उजेडाचे आणि समोरच्या भिंतीच्या झळीचे.

डिसेंबरात उलट. सूर्य दक्षिणेला कललेला, भर दुपारीही ४७ अंशांवर, सरळ तुमच्या हॉलमध्ये. तुमची खिडकी हिवाळी आहे.

---

ग्रिलकर | ३ मे, दुपारी ३.४०

चाळीस वर्षं या शहरात राहतोय. मेमध्ये हॉलमध्ये ऊन येत नाही हे रोज बघतोय. आई वाळवणं मेमध्ये गच्चीवरच घालायची, खिडकीत कधीच नाही. हे दोन्ही एकत्र जोडायला पॅनल लागलं.

---

हिशेबी_मनुष्य | ३ मे, दुपारी ४.०५

म्हणजे मे ते जुलै सूर्य उत्तरेला, जून ते सप्टेंबर ढग. पॅनल पाच महिने सुट्टीवर. नव्वद वर्षांचे दीडशे झाले.

---

ग्रिलकर | ४ मे, संध्याकाळी ६.१०

एवढ्यात नाही. काल संध्याकाळी चिमटे काढले, पॅनल गुंडाळलं आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीला अडकवलं. दोन मिनिटांचं काम. आज साडेचारला ९६. काचेचं पॅनल ब्रॅकेटवर ठोकलं असतं तर तिथेच बसून राहिलं असतं. वजन केलं, वायरसकट ६४ ग्रॅम.

दुकानदाराला सांगायला हवं, टिकण्यापेक्षा हलण्याचा उपयोग जास्त आहे.

---

वाडीवरची | ५ मे, सकाळी ८.१५

मी फेब्रुवारीपासून गप्प वाचत होते, आता लिहिते. बोरिवलीला राहतो, गावचं घर दापोलीजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा सासरे एकटेच तिकडे होते. माड आडवे, खांब आडवे, आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. फोन तर बंदच. त्यांच्याकडे एक रेडिओ आणि एक टॉर्च. सेल संपले, दुकानापर्यंतचा रस्ता झाडांनी अडलेला. रात्री साप-किरडू बघायलाही उजेड नाही. नंतर म्हणाले, अंधाराचं काही नाही, बातम्या कळत नव्हत्या त्याने जीव घाबरा झाला.

त्या दिवसांत मधूनमधून ऊन पडायचं, असं ते सांगतात. तुमच्या आकड्यांप्रमाणे दोन दिवसांच्या अर्धवट उन्हात रेडिओपुरती वीज मिळाली असती ना?

---

हिशेबी_मनुष्य | ५ मे, सकाळी ९.००

ताई, आरामात. छोटा रेडिओ मध्यम आवाजात पन्नासेक मिलिअँपिअर खातो. एका उघडिपीच्या दिवसात ३०० एमएएच आत गेले, त्यातले दोनशे जरी हाती लागले तरी सकाळ-संध्याकाळच्या बातम्या दोन दिवस. माझा हिशेब लालबागचा होता. दापोलीला तो लावू नका.

---

सोल्डरकाका | ५ मे, सकाळी ९.३०

आणि अंगणात पॅनल आडवं ठेवता येईल, ग्रिलची सावली नाही. रेडिओ दोन सेलचा असला तरी तीन भरा, तिसरा टॉर्चला फिरवता येतो. फक्त तिघेही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, आणि लावताना सारखेच उतरलेले असू द्या. एक भरलेला आणि दोन रिकामे असं लावू नका.

---

ग्रिलकर | १९ जून, रात्री ९.१५

कालपासून संततधार. पश्चिमेच्या खिडकीत भर दुपारी ११ मिलिअँपिअर. पॅनल पुसून, गुंडाळून कपाटात ठेवलं. डायनासोरचे सेल भिंतीच्या चार्जरवर. हिशेबी, पंधरा पैसे खर्च झाले, नोंद घ्यावी.

---

हिशेबी_मनुष्य | १९ जून, रात्री ९.२०

घेतली.

---

वाडीवरची | २० जून, सकाळी ७.३०

काका, गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडहून सगळं आणलं. पॅनल, ५८१९ डायोड, सेल, चिमटे. उद्या सासऱ्यांकडे घेऊन जातेय. फक्त तीन खणांचा होल्डर कुठेच मिळाला नाही, चार खणांचा घेतलाय. एका रिकाम्या खणात दोन्ही टोकं तारेने जोडली तर चालेल का?

---

सोल्डरकाका | २० जून, सकाळी ७.४५

चालेल. तार जाड घ्या आणि सोल्डर करा, नुसती पिळलेली तिकडच्या ओलीत महिनाभरात सुटेल. त्या खणावर लाल चिकटपट्टी लावा, नाहीतर सासरेबुवा तिथे चौथा सेल बसवतील.